दहातले तीन

पहाटे साडेचारला अलार्म लावून उठते मी.
पाण्यासाठी नाही, नळ एक दिवसाआड, तोही सातला.
बेसबॉलसाठी उठते.
फोन तिखटाच्या बरणीला टेकवायचा,
आवाज दोन काड्यांवर,
आणि जिथे अजून कालचीच संध्याकाळ चालू आहे
तिथल्या चाळीस हजार लोकांत
कपबशी घेऊन जाऊन बसायचं.

माझे ते निळ्या टोपीवाले.
का, ते विचारू नका.
पहिल्यांदा पाहिले तेव्हा हरत होते,
आणि त्यांचा जाडा म्हातारा कोच
कठड्याला रेलून
बियांची टरफलं थुंकत होता,
हुबेहूब आमचे देवरे सर.
तेवढ्यावर जमलं.
सात वर्षं झाली, नियम अजून सगळे येत नाहीत.
आमचे हे कुशीवर वळून विचारतात,
"संपलं का तुझं?"
घड्याळच नाही हो त्या खेळाला,
कसं संपेल?

शनिवारी मात्र चारला
लॅबचं कुलूप मी पाच मिनिटं आधी लावते.
ब्युरेट धुऊन उलट्या टांगलेल्या,
पिशवीत भत्ता, कांदा वेगळ्या कागदात,
आणि बोरीकाठच्या मैदानावर
माझी ठरलेली जागा: रोलरचा दांडा.

इथे चाळीस हजार नाहीत.
चाळीस असतो, चार शेळ्या धरून.
गोलचं जाळं तापीवरच्या भोयांनी विणलेलं,
त्यातून मासा सुटायचा नाही,
चेंडू सुटतो.
फक्की वाऱ्यानं उडाली
की कॉर्नर कुठला, यावर पाव तास भांडण.
कॉलेजात माझा आवाज कुणाला माहीत नाही,
"ॲसिड जपून" एवढीच मी.
इथे पोटातली अहिराणी सरळ वर येते,
"पय रे भो, पय! झोपना का?"
शेजारी प्राचार्य असले तरी.

गोलकीपर रतिलाल वसावे.
धडगावच्याही वर कुठेतरी घर.
टायट्रेशनला दर वेळी एक थेंब जास्त सोडतो
आणि गडद गुलाबी झालेल्या फ्लास्ककडे
बघत राहतो, जणू तो त्याला ओळखीचा वाटतो.
हातमोजे उसवले की मीच शिवते,
जाड सुईनं, पोत्याच्या.

परवा चोपड्याशी फायनल.
एक-एक. मग पेनल्ट्या.
हा उजवीकडे, चेंडू डावीकडे.
हा डावीकडे, चेंडू मधून.
शेवटचा तर बोटांना लागून आत गेला.
मोज्यावरची ती थाप
मला रोलरपर्यंत ऐकू आली.
हारनूत.
चोपड्याची गाडी हॉर्न वाजवत पुलावरून गेली,
शेळ्याही उठल्या,
आणि भत्ता मऊ पडला तरी
मी तो संपवला. टाकवत नाही मला.

सोमवारी प्रॅक्टिकल.
सगळे गेल्यावर फ्लास्क विसळत तो थांबला.
म्हटलं, "रतिलाल, तिकडे एक खेळ आहे.
दहा वेळा बॅट घेऊन उभं राहायचं,
तीनदा नीट बसला चेंडू तर माणूस मोठा.
उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून परत येतो,
तरी लोक त्याच्या नावाचा शर्ट घालतात."
मला वाटलं, फार छान बोलले.
त्यानं फ्लास्क उजेडाकडे धरला, डाग बघितला.
"ताई, तो मारणारा.
अडवणाऱ्याचं काय?
दहातले सात सोडले तर
मला गावात घेतील का?"

सात वर्षं बघतेय.
हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.
मी स्टँड पुसत राहिले.
दारापर्यंत जाऊन तो वळला,
"किती वाजता लागतं ते?"

आज मंगळवार. बरणी, फोन, दोन काड्या.
निळ्या टोपीवाले तीन धावांनी मागे.
चार बत्तीसला स्क्रीनवर मिस्ड कॉल,
हॉस्टेलचा नंबर, एकच रिंग.
म्हणजे तो जागा आहे.
म्हातारा बिया थुंकतोय.
चहा उतू चाललाय, पण आत्ता
कोण उठतं.